पुढच्या पायाचं दुखणं

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं की एक गोष्ट हमखास होते. ज्याला धड सायकलही चालवता येत नाही असा माणूस खाली वाकतो, ते तेल बोटाने पुसतो, बोट नाकाशी नेतो आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "सील गेलंय." अहो, सील गेलंय हे मलाही दिसतंय! ते का गेलं, एवढंच मला वर्षभर कुणी सांगू शकलं नाही. पेट्रोल पंपावरच्यापासून ते साताऱ्याहून फोन करणाऱ्या माझ्या वडिलांपर्यंत ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि सगळ्या उत्तरांचा मथितार्थ एकच होता, की बाईमाणसाने असली गाडी घ्यायचीच कशाला.

घ्यायची कशाला ते सांगते. मी जनावरांची डॉक्टर, सरकारी नोकरीत. घर सांगलीत आणि दवाखाना जतच्या अलीकडच्या एका गावात. त्या गावापर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, पण माझे रोगी डांबरीवर राहत नाहीत. ते माळावर राहतात. धनगरांच्या मेंढ्यांचा तळ आज या माळावर, तर पंधरा दिवसांनी ओढा ओलांडून तिसऱ्याच. दवाखान्याला जीप होती, ती कागदावर. माझ्या आधीचे डॉक्टर रस्त्याच्या कडेला थांबायचे आणि निरोप धाडायचे, 'मेंढ्या खाली आणा, लस देतो.' दोनतीनशे मेंढ्या घेऊन कोण उतरणार चार किलोमीटर, एका सुईसाठी? कुणी उतरत नसे. मग पावसाळ्यात कोवळं गवत वर आलं की आंत्रविषाराचा रोग यायचा. सकाळी चरायला गेलेली मेंढी संध्याकाळी पाय ताठ करून पडलेली. जी लस वेळेवर टोचली असती तर यातलं काही झालं नसतं, ती दवाखान्याच्या फ्रीजमध्ये गारेगार बसलेली असायची.

पहिली चारपाच वर्षं मी पायीच माळ चढले आणि मग, दीडेक वर्षापूर्वी, ही गाडी घेतली. उंच, सडपातळ, खाचाखाचांच्या टायरची, दगडधोंड्यांतून न्यायलाच बनवलेली. माहेरी साताऱ्यात एका हौशी माणसाकडून जुनी घेतली. त्याने शॉकअपला धुळीपासून झाकणारे रबराचे बूट काढून टाकले होते, का, तर म्हणे त्यात गाडी गावठी दिसते. सासूबाईंनी गाडी दारात आली तेव्हाच निकाल दिला होता: "साताऱ्याची सून आणि साताऱ्याची गाडी. दोघी कुणाचं ऐकायच्या नाहीत."

शॉकअप म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच्याभोवती आहे. पुढच्या चाकाला दोन पाय असतात. प्रत्येक पायात एक चकचकीत पाइप, तो खालच्या जाड नळकांड्यात वरखाली होतो. आत स्प्रिंग आणि तेल. नळकांड्याच्या तोंडाशी रबराचं एक कडं, तेच ते सील. पाइपला दिवसातून हजार वेळा ये-जा करू द्यायची, पण आतलं तेल बाहेर येऊ द्यायचं नाही आणि बाहेरची धूळ आत जाऊ द्यायची नाही, एवढं त्याचं काम. ते चुकलं की तेल पाइपवरून ओघळतं, ओघळत खाली ब्रेकच्या चकतीवर पडतं, आणि मग उतारावर तुम्ही ब्रेक दाबता आणि गाडी आपल्या मर्जीने पुढे जात राहते.

पहिल्यांदा गळलं ते घेतल्यावर चारेक महिन्यांनी. मी गाडी माधवनगर रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. परत आणायला म्हणून नवरा मागून स्कूटरवर आला होता. माझ्या डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, बुटांना मेंढ्यांच्या लेंड्या. मिस्त्रीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "सायेब, गाडी कशी चालवता?"

"मी नाही, ही चालवते," नवरा म्हणाला.

"ते झालं वो. पर चालवता कशी?"

माझा नवरा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने मिस्त्रीला कंपनांचं शमन समजावून सांगायला सुरुवात केली. मिस्त्री मान डोलवत होता. मी दोघांच्या मधे उभी राहून सांगत होते की डाव्या पायातून जास्त गळतंय, पाइपवर ओरखडा नाही, मी नख फिरवून बघितलंय. कुणाचंच लक्ष नाही. शेवटी मिस्त्रीने सील बदललं आणि सल्ला दिला, तोही नवऱ्यालाच: "खडबडीत रस्त्यानं न्हेऊ नका."

"अहो, ही गाडी खडबडीत रस्त्यासाठीच बनवलेली असते," मी म्हणाले.

"व्हय की. पर न्हेऊ नका."

सहा आठवड्यांनी ते सील पुन्हा गळायला लागलं. मिस्त्रीने पुन्हा बदललं. आत कसलं तेल घातलं असं विचारलं, तर म्हणाला, तेल ते तेल. किती घातलं, तर म्हणाला, अंदाजानं. मी मेंढीच्या पोटात औषधसुद्धा वजन करून घालते आणि हा माणूस माझ्या पुढच्या चाकात अंदाजाने तेल ओततो! मी बोलले, त्याला राग आला, आणि त्याने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचाऱ्याचं घरात काय होत असेल.

दुसऱ्यांदा बदललेलं सील गळालं तेव्हा मात्र मी पडले. माळावरून उतरताना एक शेळी आडवी आली, ब्रेक दाबला तो लागलाच नाही, आणि शेळीला चुकवायच्या नादात मी बाभळीत घुसले. कोपर सोलवटलं, मनगट टम्म सुजलं. शेळी तिथेच उभी राहून चघळत होती.

त्या संध्याकाळी नवऱ्याने पहिल्यांदा आवाज चढवला. चढवला म्हणजे आमच्याकडे चढवतात तेवढाच. मिरजेच्या बाजूच्या दवाखान्यात एक जागा रिकामी होत होती. तिथे टेबल, पंखा, बसायला खुर्ची, आणि रोगी म्हणजे बहुतेक बंगल्यांतली कुत्री. त्याने बदलीचा अर्ज कॉलेजात टाइप करून आणला आणि कपाटाच्या खणात ठेवला. "आता सील बदल, हवं ते कर," तो म्हणाला, "पण यानंतर पुन्हा गळलं, तर गाडी विकायची आणि यावर सही करायची. कबूल?" मी कबूल म्हणाले. हात ठणकत होता, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला सगळ्यात वैताग त्याचाच आला.

कुत्र्यांशी माझं वाकडं नाही. पण मला जायचं नव्हतं. सहा वर्षं त्या माळावर फिरून मला आता कुठे लोक ओळखायला लागले होते. त्यातल्या एका तळावर एक म्हातारी आहे. नवरा कधीच गेलेला, मुलगे मेंढ्यांमागे, आणि तळाचा कारभार तिच्या हातात. पहिल्या वर्षी तिने मला मेंढीला हात लावू दिला नव्हता. आता मी गेले की मला एकेरीत झापते, गुळाचा काळा चहा पाजते आणि कोणती मेंढी दोन दिवस मागे राहतेय ते न बघता सांगते. असा विश्वास मिळवायला मला पुन्हा सहा वर्षं घालवायची नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर मला ती गाडी आवडते. हे मी घरी कधी म्हटलं नव्हतं, कारण ते कारण म्हणून कुणी धरलं नसतं.

तर, सील बदललं. तिसऱ्यांदा. या वेळी गॅरेज बदललं, मिस्त्री वयस्कर आणि शांत, माझ्याशी बोलणारा. त्याने पाइप उजेडात फिरवून बघितला, तेल मापून घातलं. मला वाटलं, सुटले.

पाच आठवड्यांनी डाव्या पाइपवर पुन्हा ओलं कडं दिसलं.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. दवाखान्यातलं गॉझ पिशवीत ठेवायला लागले. घरी येताना कवठेमहांकाळच्या पंपावर थांबायचं, पाइप पुसायचा, ब्रेकची चकती स्पिरिटने पुसायची आणि मग साळसूदपणे दारात गाडी लावायची. लोक नवऱ्यापासून काय काय लपवतात. मी शॉकअप लपवत होते. आणि लपवून तरी किती दिवस लपवणार? ब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून उतार आला की मी पायउतार होऊन गाडी ढकलत नेत होते. माळावरची माणसं बघून हसायची.

शेवटी ठरवलं, आता आपणच उघडायचं. मी गायीचं अडलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून बाहेर काढते, मला एक रबराचं कडं काढता येऊ नये? फोनवर चारसहा व्हिडिओ बघितले, सीलची नवी जोडी आणि मापाचं तेल आणलं आणि नवरा परीक्षेच्या कामाला कॉलेजात जाणार होता असा रविवार पकडला. व्हरांड्यातला सासूबाईंचा झोपाळा सोडवला आणि त्याच्या कड्यांना दोर बांधून गाडीचं पुढचं चाक अधांतरी टांगलं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, कड्या माणसांसाठी आहेत." मी म्हटलं, "दोन तासांत देते."

त्या व्हिडिओंत एकाने सांगितलं होतं की सील काढायच्या आधी त्याच्या ओठाखालून, म्हणजे पाइपला टेकणाऱ्या कडेखालून, पातळ, चिवट पट्टी फिरवून बघा, पुष्कळदा नुसता कचराच अडकलेला असतो. पट्टी कसली, तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मची. कपाटावर एक्स-रेचं पाकीट होतंच. त्यातली एक फिल्म घेतली, कात्रीने लांब पट्टी कापली, टोकाला खाच पाडली आणि सीलच्या कडेने आत सरकवून गोल फिरवली. बाहेर काढली तर खाचेत पिवळा गाळ. पुन्हा फिरवली, पुन्हा पिवळा. मऊ, चिकट, आणि त्यात माळावरची बारीक मुरमाड धूळ बसून दाणेदार झालेला. हा असला लगदा सीलच्या ओठाखाली गेला तर कुठलं सील टिकणार? काचकागदाने घासल्यासारखं ते घासून निघत होतं.

मी वास घेतला. सांगलीत राहून हळदीचा वास ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

डोक्यात सणक गेली. घरात गाडीला हळद लावणारं एकच माणूस होतं. मी तशीच पट्टी हातात धरून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, तुम्ही गाडीला हळद लावता?"

"लावते की. दसऱ्याला. हँडलला पाच बोटं लावते आणि तुझ्यासाठी हात जोडते. का?"

"खाली, चाकाजवळ कोण लावतं? तिथे पाइपवर? वर्षभर मी डोकं फोडून घेतेय, तीन वेळा सील बदललं, मी पडले, आणि तुम्ही..."

"अगं, खाली वाकायला मला गुडघे आहेत का?" असं म्हणून त्यांनी वर बघितलं, आणि माझ्या हातातली पट्टी त्यांना दिसली. खिडकीच्या उजेडात तिच्यावर पांढरं हाड स्पष्ट दिसत होतं. त्यांनी मेथी बाजूला ठेवली. "हे काय आहे?"

मी पट्टी मागे घेतली, पण उशीर झाला होता.

"माझा गुडघा कापलास तू?"

कोणाचा गुडघा कापला, हे विचारत नवरा दारात उभा. काम लवकर आटोपलं होतं. व्हरांड्यात टांगलेली गाडी त्याने येतानाच बघितली होती, खाली तेलाचा ओघळही बघितला होता. सगळं एकदम बाहेर पडलं, पंपावरच्या गॉझसकट. तो खोलीत गेला आणि खणातून अर्ज आणून ओट्यावर मेथीच्या जुडीशेजारी ठेवला.

मी पेन शोधत होते असं नाही, पण कबूल केलं होतं ते केलं होतं.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "ही सही करून मोकळी होईल, आणि माझ्यावरचा आळ तसाच राहील. उद्या सगळीकडे सांगेल, सासूने हळद लावून गाडी बिघडवली म्हणून बदली घ्यावी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी! ते काही नाही. आधी हळद कोण लावतं ते शोधून आण, मग करा काय सह्या करायच्या त्या."

त्यांनी हे माझ्यासाठी केलं की स्वतःच्या अब्रूसाठी, मला अजून कळलेलं नाही. विचारायची सोय नाही.

मग दुपारी सील बदलायला नवराच बसला माझ्याबरोबर. दुसरं करणार काय, गाडी झोपाळ्याला टांगलेली आणि आईला झोपाळा हवा होता. पाइपच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी चढवून नवं सील त्यावरून घसरवलं, म्हणजे कडेवर चिरत नाही. तेल मोजायला माझी जनावरांची मोठी सिरिंज होती. मी ओढायची, तो आकडा वाचायचा, दोन्ही पायांत थेंबाथेंबाचं सारखं. आयुष्यभर फळ्यावर शिकवलेली गोष्ट त्याने पहिल्यांदा हाताने दाबून बघितली. पाइप हळूच खाली गेला आणि तेवढाच हळूच वर आला. "अगं, हे खरंच असं होतं!" तो म्हणाला. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला, कारण ओट्यावर तो अर्ज तसाच होता.

बुधवारी मी म्हातारीच्या तळावर गेले. हळद कुणीतरी माळावरच लावत असणार, एवढं आता उघड होतं. तिथे हळदीचं काही वाटतही नाही. देवाचा भंडारा कपाळाला, मेंढ्यांना, माझ्या बाह्यांना सारखा लागलेला असतो. पिवळा डाग दिसला म्हणून कोण दचकणार? पण भंडारा सीलच्या आत कसा जाईल? ते कुणीतरी बोटाने भरल्याशिवाय होणार नव्हतं.

गाडी नेहमीच्या दगडाशी लावली, लशीचा डबा घेतला आणि जाळीच्या कुंपणात शिरले. टोचत होते, पण निम्मा डोळा गाडीकडे. तीसेक मेंढ्या झाल्या असतील. म्हातारी पालातून ॲल्युमिनियमची वाटी घेऊन निघाली, गुडघ्यांवर हात टेकत गाडीपुढे उकिडवी बसली, पदराने पाइप पुसला, वाटीत बोट बुडवलं आणि नळकांड्याच्या तोंडाशी, बरोबर जिथून तेल येतं तिथे, खाचेत दाबून दाबून लावायला लागली. कोकराच्या पायाला लावावं तसं. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती.

"आज्जी!" मी सिरिंज घेऊनच जाळीवरून उडी मारली. "काय करताय तुम्ही?"

"वरडू नगंस. मेंढरं बिथरत्यात."

"ते काय लावताय?"

"हळद आन् तेल. पाय गळतुया न्हवं हिचा. लय दिस झालं. म्या लावती हाय म्हणून एवढी तरी चालतिया."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अवो, तुम्ही लावताय म्हणून गळतंय! वर्षभर मी मिस्त्र्यांच्या दारात बसतेय. पडले मी, आज्जी, पडले!"

"आगं, मग?" ती माझ्यावरच उखडली. "तूच न्हाई का सांगितलंस पैल्या साली? पाय गळाया लागला, जखम झाली, तर हळद-तेल लाव, माशी बसू दिऊ नगं, म्या येस्तवर."

सांगितलं होतं. अशाच एका दगडावर बसून, दहापंधरा माणसांपुढे, नव्या डॉक्टरीणबाईंच्या तोऱ्यात. त्या भाषणातलं एक अक्षर कुणी पाळल्याचं मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. जंताचं औषध वेळेवर द्या म्हणून मी घसा फोडते, देत नाहीत. आजारी मेंढी वेगळी बांधा म्हणते, बांधत नाहीत. आणि जो एक सल्ला इतक्या निष्ठेने पाळला गेला, तो माझ्या गाडीवर!

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तू कवा रिकामी आस्तीस? आलीस की जाळीत, झालं की फट्‌फट् करत गेलीस."

पहिल्यांदा गळलं ते खरं दुखणं होतं, बूट नसलेल्या जुन्या पाइपचं. ते तिने बघितलं. त्यापुढची सगळी दुखणी औषधाने झालेली. हे तिला समजावून सांगायला मी तोंड उघडलं, रबर, ओठ, धूळ, सगळं रागारागाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं. वाटी खाली ठेवली नाही.

"तुज्या आदी, त्या रस्त्यावर थांबनाऱ्याच्या बी आदी, येक डाक्टर हुता," ती म्हणाली. "चांगलं हुतं प्वार. त्याची बी फटफटीच हुती. वर यायचा, तुज्यावानी. येक दिस म्हनला, आज्जी, गाडीचा पुडचा पाय ग्येलाय, नीट करून येतो. मी म्हनलं, ये. न्हाई आला. मागनं कळलं, बदली करून घेतली. त्या पावसात माजी चाळीस मेंढरं ग्येली. कोन दुसरं वर आलंच न्हाई." तिने पाइपकडे बघितलं. "मग तुज्या गाडीचा पाय गळताना दिसला. म्हनलं, हिचा तरी ऱ्हावा."

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. म्हातारीवर काढावा तर ती मला धरून ठेवायला धडपडत होती आणि त्याच बोटाने मला हाकलून देत होती. त्या डॉक्टरवर काढावा तर मी स्वतः कुठल्या तोंडाने काढणार? ओट्यावरचा अर्ज त्याच्याच हातचा असल्यासारखा होता. ही बाई वाटी घेऊन उकिडवी बसत होती तेव्हा मी घरी 'कबूल' म्हणून आले होते.

"हळद नाही, तेल नाही, काही लावायचं नाही," मी म्हणाले. "लावायचंच असेल तर कोरडं फडकं घ्या आणि पाइप पुसा. माती राहू देऊ नका. बास."

"नुस्तं पुसून पाय बरा हुतू व्हय?"

"हा होतो."

"मग मेंढीला कशाला सुया मारतीस?" ती म्हणाली, आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढचं विचारलं, जे तिला मघापासून विचारायचं होतं. "तू जानार न्हाईस न्हवं?"

"नाही," मी म्हणाले.

घरी पोचल्यावर सासूबाईंना चोर कोण ते सांगितलं. त्या आधी खूप हसल्या आणि मग त्यांनी म्हातारीचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. नवऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. कारण सापडलं की त्याला नेहमी बरं वाटतं.

"म्हणजे आता गळणार नाही," तो म्हणाला.

हो म्हटलं असतं की विषय मिटत होता. पण तेच मला नको होतं. "गळेल," मी म्हणाले. "रबर आहे ते. माळावर फिरणारी गाडी आहे. सहा महिन्यांनी गळेल नाहीतर वर्षाने, पण गळेल. तेव्हा मी लपवणार नाही. गाडी दारात उभी राहील, मी सील बदलीन आणि मगच जाईन. पण अर्जावर सही करणार नाही. मी कबूल केलं होतं, ते चुकलं माझं. मी तिथे राहायचं की नाही हे एका रबराच्या कड्यावर ठेवलं, आणि तुलाही ठेवू दिलं."

मला वाटलं, आता भांडण होणार, आणि खरं सांगते, मला ते हवंही होतं. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं.

"डाव्या आणि उजव्या पायाचं सील एकच असतं का ग?" त्याने विचारलं.

"एकच."

"मग चार आणून ठेवू," तो म्हणाला.